पहिले बेअरिंग दोन महिन्यांत गेले, दुसरे मोजून बसवले

दारव्हा तालुक्यात आमचे अकरा एकर कोरडवाहू वावर आहे आणि घरी तीन सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर. गेल्या वर्षी उन्हाळवाही करताना इंजिनातून ठोका येऊ लागला. रेस वाढवली की ठक-ठक वाढायची आणि गरम झाल्यावर ऑइल प्रेशरचा काटा खाली यायचा. एका गॅरेजवाल्याने चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) खाली घेतला, नवीन स्टँडर्ड शेल, म्हणजे क्रँक आणि कनेक्टिंग रॉड यांच्यामधल्या बेअरिंगच्या मूळ मापाच्या अर्धगोल पट्ट्या, टाकले आणि संध्याकाळी ट्रॅक्टर परत दिला. क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याला, मायक्रोमीटर लावून माप घेतलेच नाही. दोन महिन्यांत, ऐन डवरणीत, ठोका परत आला.

या वेळी मी गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. शेल हातात घेताच त्यांनी दाखवले की वरचा राखाडी थर घासून खालचा तांब्याचा रंग उघडा पडला होता. ते म्हणाले, "आवाज आयकून बेअरिंग घेत नसतेत भाऊ, जर्नल मोजा लागते."

जर्नल म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग. मोजमापाला अख्खी दुपार गेली. प्रत्येक जर्नल दोन ठिकाणी मोजायचे, आणि तिथेच काटकोनात फिरवून पुन्हा. दोन नंबरचे जर्नल एका बाजूने 0.09 मिलिमीटर झिजलेले निघाले, दुसऱ्या बाजूने 0.03. म्हणजे ते गोल राहिलेच नव्हते, अंडाकृती झाले होते. अशा जर्नलवर कितीही नवे शेल टाका, ऑइलचा थर सगळीकडे सारखा धरत नाही. त्यात नख अडकेल एवढा ओरखडाही होता. 0.25 मिलिमीटर घासून तो निघणार नव्हता, म्हणून तिन्ही जर्नल 0.50 अंडरसाइज, म्हणजे घासून तेवढे बारीक, करायचे ठरले. मिस्त्रींनी आधी शेल आणायला लावले. मागे 0.50 चा छाप आहे ना, ते तपासले आणि मग क्रँक ग्राइंडिंगला पाठवताना शेलही सोबत दिले. शकुंतला रेल्वे बंद पडल्यापासून यवतमाळला जायला एसटीच. क्रँक पोत्यात गुंडाळून घेऊन गेलो.

परत आल्यावर क्रँकची ऑइलची भोके तारेच्या ब्रशने आणि डिझेलने धुतली, कंप्रेसरने हवा मारली. पहिल्या फुंकीत काळी, किरकिरीत घाण बाहेर आली. ती आत राहिली असती तर नवे शेल पहिल्याच दिवशी ओरबाडले गेले असते.

बसवताना शेलची पाठ आणि रॉडमधली शेल बसायची जागा अगदी कोरडी ठेवायची, ऑइल फक्त आतल्या तोंडाला. शेलच्या प्रत्येक अर्धगोल तुकड्याचे टोक त्या जागेच्या कडेपेक्षा किंचित वर राहते. ते तसेच हवे. बोल्ट आवळल्यावर त्या दाबानेच शेल रॉडमध्ये पक्के बसते. काही जण शेलची ती कड किंवा कॅप (रॉडचा खालचा, बोल्टने आवळायचा अर्धा भाग) कानशीने घासतात. तसे कधीच करू नका. कॅपवरचा नंबर आणि रॉडवरचा नंबरही जुळलाच पाहिजे, एकाची कॅप दुसऱ्याला चालत नाही.

ऑइल लावण्याआधी प्लास्टिगेजने गाळा, म्हणजे जर्नल आणि शेल यांच्यामधली फट, तपासला. मेणासारखा बारीक धागा कोरड्या जर्नलवर क्रँकच्या लांबीच्या दिशेने ठेवायचा, कॅप पूर्ण टॉर्कला (ठरलेल्या जोराला) आवळायची, क्रँक अजिबात हलवायचा नाही, मग कॅप काढून चपटी पट्टी किती रुंद झाली ते पाकिटावरच्या खुणांशी ताडायचे. आमच्यासारख्या साठेक मिलिमीटरच्या जर्नलला साधारण 0.06 मिलिमीटर गाळा हवा, जर्नलच्या व्यासाचा हजारावा भाग. एक आणि दोन नंबर बरोबर आले. तीन नंबरची पट्टी मात्र एका टोकाला रुंद पसरली, म्हणजे तिथे गाळा कमी होता. शेल काढले तर पाठीमागे चिंधीच्या सुताचा एक धागा चिकटलेला. आपल्या कापसाच्या मुलखात चिंधीला काही तोटा नाही, आणि त्यातलाच तो एवढासा धागा बेअरिंग घट्ट करत होता. पुसून पुन्हा मोजले, पट्टी सारखी आली.

मग प्लास्टिगेज पुसून शेलच्या तोंडाला ऑइल चोळले आणि मॅन्युअलप्रमाणे टॉर्क तीन टप्प्यांत दिला. प्रत्येक कॅप आवळली की क्रँक हाताने फिरवून बघितला, रॉड बाजूला थोडा सरकतो ना तेही पाहिले.

पण बेअरिंग का गेले हे सापडल्याशिवाय मिस्त्री ट्रॅक्टर सोडायला तयार नव्हते. मी सांगितले की डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढत होते. त्यांनी डिपस्टिक हुंगली, डिझेलचा वास होता. फीड पंपाचा डायफ्राम (पडदा) फाटून डिझेल चेंबरमध्ये उतरत होते आणि ऑइल पातळ होत होते. डायफ्राम बदलला, नवीन 15डब्ल्यू-40 इंजिन ऑइल भरले, फिल्टरही ऑइलने भरूनच लावला. इंजिन चालू होऊ नये म्हणून स्टॉप ओढून ठेवला आणि दहा-दहा सेकंद स्टार्टर मारला, काटा वर चढेपर्यंत. त्यानंतरच इंजिन चालू केले.

पन्नास तासांनी ऑइल बदलले तेव्हा जुना फिल्टर कापून कागद उलगडला. तांब्याचा एक कणही दिसला नाही. त्याच आठवड्यात रोटावेटर लावून तुरीचे वावर तयार केले, आणि गरम इंजिनावरही काटा जागचा हलला नाही.