हवाच तर आहे!

शटडाउन (देखभालीसाठी प्लांट बंद ठेवतात तो काळ) संपत आला की प्लांटमध्ये कागद वाचायला कुणालाच वेळ नसतो. मला पगार मात्र त्यासाठीच मिळतो. मी पाइपिंगची क्वालिटी बघते: वेल्डिंग, रेडिओग्राफी, टेस्टिंग.

गोष्ट कोकणातल्या एका केमिकल कंपनीतली, मे महिन्यातली. कंत्राटदाराने १६ इंची लाइनचं टेस्ट पॅकेज, म्हणजे प्रेशर टेस्टची कागदपत्रं, सहीला आणलं. कार्बन स्टीलची, वायूची लाइन; डिझाइन प्रेशर १० बार, लांबी साधारण २४० मीटर. टेस्ट पाण्याऐवजी हवेने करायची होती. कारण खोटं नव्हतं. पाण्याने भरली तर जुन्या पाइपरॅकवर २८ टन वजन पडणार, आणि स्ट्रक्चरवाल्यांनी त्याला लेखी नकार दिलेला. एएसएमई या अमेरिकन इंजिनिअर संस्थेचा बी३१.३, म्हणजे प्रोसेस पाइपिंगचा कोड, अशा वेळी मालकाच्या संमतीने हवा चालवून घेतो. पाण्याला डिझाइनच्या दीडपट प्रेशर, हवेला किमान १.१ पट. म्हणजे १५ बारऐवजी ११. साइटवर याचा अर्थ सोयीने लावतात: आकडा उतरला, म्हणजे काम हलकं झालं. तो कोडने का उतरवलाय, हे मात्र कुणी विचारत नाही.

सहीआधी लाइन पायाखालून घालायची, हा माझा शिरस्ता. शेवटच्या फ्लँजमध्ये, म्हणजे पाइपच्या बोल्टच्या जोडात, टेस्टसाठी स्पेड, म्हणजे पाइप बंद करणारी प्लेट, अडकवला होता. स्पेडचं हँडल बाहेर आलेलं असतं आणि त्यावर साइझ, जाडी, मटेरियल पंच केलेलं असायला हवं. इथे काहीच नव्हतं. गॅस कटिंगचा मळ कडेला तसाच, ग्राइंडरसुद्धा फिरवलेला नाही. व्हर्निअर लावला. ८ मिमी.

"काका, ही प्लेट कुठली?"

"स्टोअरच्या मागं पडलेली, मॅडम. टेम्पररीच आहे की." फोरमन अनुभवी माणूस, माझ्या वयाएवढी त्यांची नोकरी.

"जाडी कुणी काढली?"

"हवाच तर आहे! पाणी असतं तर गोष्ट वेगळी."

त्यांना दोष द्यायला जीभ रेटत नाही. पाणी गळलं की दिसतं, पायाखाली चिखल होतो, म्हणून त्याचा धाक. हवा दिसत नाही. पण पाणी दाबलं तरी जवळजवळ दाबलं जात नाही. कुठे तडकलं की प्रेशर त्याच क्षणी पडतं. दाबलेली हवा सुटताना फुगत जाते आणि वाटेत येईल ते घेऊन जाते. एएसएमईच्याच पीसीसी-२ या दुरुस्ती-टेस्टिंगच्या स्टँडर्डमध्ये या साठलेल्या ऊर्जेचं सूत्र आहे. तिथेच, पाइपरॅकच्या सावलीत, फाइलच्या पाठीवर आकडे घातले. २८ घनमीटर हवा, ११ बार: सव्वाचार कोटी जूल. टीएनटीच्या हिशेबात १० किलो. हीच लाइन पाण्याने १५ बारला टेस्ट केली असती, तर साठलेली ऊर्जा याच्या हजाराव्या भागाहूनही कमी भरली असती. आणि हे सगळं अडवून धरायला ८ मिमीची प्लेट, जिथे कोडच्या सूत्राने १६च्या आसपास लागत होती.

काकांनी आकड्याकडे पाहिलं, मग स्पेडकडे. "दहा किलो म्हंजे... सुरुंगाचं?" एवढंच विचारलं. पुढे त्यांना समजवावं लागलं नाही.

समजवावं लागलं ते वरच्यांना. "टेम्पररी" या शब्दावर आमच्याकडे सगळं माफ असतं. इंग्लंडात फ्लिक्सबरोच्या केमिकल प्लांटमध्ये १९७४ साली पाच नंबरचा रिअॅक्टर तडकला म्हणून काढला आणि मधल्या जागेत २० इंची बायपास पाइप टाकला. टेम्पररीच. ड्रॉइंग म्हणजे वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढलेली आकृती. टेस्टही केली होती, पण दर चौरस सेंटिमीटरला ९ किलो प्रेशरपर्यंत. सेफ्टी व्हॉल्व्ह ११ किलोला उघडणारा होता, तिथवर नेलीच नाही. १ जूनला तो पाइप गेला, सायक्लोहेक्झेनचा ढग पेटला, २८ माणसं मेली. त्यातली १८ कंट्रोल रूममध्ये. मी मीटिंगमध्ये हे सांगितलं तर साहेब म्हणाले, "मॅडम, ती वेगळी केस." वेगळी होतीच. मग मी ले-आउट उघडला आणि लाइनच्या दोन्ही अंगांना ३० मीटरचा पट्टा आखला. एवढ्या ऊर्जेला पीसीसी-२ किमान इतकं अंतर मागतो. पट्ट्यात कँटीनची पत्र्याची शेड आली. टेस्ट दुपारी दीडला ठरली होती. जेवणाची वेळ! साहेबांनी स्वतःच फोन उचलला.

मग कामं भराभर झाली. हिशेब करून नवे स्पेड कापले. "कॉम्प्रेसरला आहे की व्हॉल्व्ह" हा युक्तिवाद बाजूला ठेवून लाइनवर वेगळा सेफ्टी व्हॉल्व्ह बसवला, १२.१ बारला सेट केलेला. कँटीन रिकामं केलं, दोरी बांधली, परमिट नव्याने काढलं.

दुसऱ्या दिवशी आधी १.७ बारलाच थांबून साबणाचं पाणी फिरवलं. एका थ्रेडेड टॅपिंगवर लगेच फुगे. हवा सोडून ते घट्ट केलं आणि पुन्हा सुरुवात. तिथून टप्प्याटप्प्याने ११, दहा मिनिटं होल्ड, मग १० वर उतरवून पुन्हा साबण. एकही फुगा नाही. तरी उन्हं कलली तसा गेजचा काटा थोडा खाली सरकला आणि कंत्राटदाराचा माणूस घाबरला. पाइप तापलेला होता, आता निवत होता. हवेचं प्रेशर तापमानाबरोबर उतरतंच. पाइपच्या तापमानाची नोंद होती म्हणून वाद मिटला, नाहीतर रात्रभर लीक शोधत बसलो असतो.

जुन्या ८ मिमीच्या स्पेडचे मी कटरने दोन तुकडे करून घेतले. नाहीतर पुढच्या शटडाउनला तो पुन्हा कुठल्यातरी फ्लँजमध्ये दिसला असता. काका कुरकुरले, "अख्खा तरी भंगारात घालायचा होता, मॅडम."

"भंगारातूनच आला होता ना, काका?"