बसून बॅककास्ट: रॉड गेला, कोडं सुटलं

दीड महिना कयाकमध्ये बसून फ्लाय फिशिंगची खटपट चालू आहे: जड फ्लाय (हुकवर केस-पिसं बांधून केलेलं आमिष) लाइनच्या, म्हणजे जाड दोरीच्या वजनानं लांब फेकायची. त्यासाठी लाइन आधी हवेत मागे टाकायची, तो बॅककास्ट, मग पुढे, तो फॉरवर्ड कास्ट. आधी वाईट बातमी. नऊ वजनाचा रॉड (हा आकडा रॉडला किती जड लाइन लागते ते सांगतो) मोडला. मासा लागला नव्हता, हुक कशात अडकलाही नव्हता. नेहमीसारखी पाण्यातून लाइन उचलायला गेलो आणि वरून दुसरा तुकडा सांध्याच्या वीतभर वर कटकन् तुटला. तुटका शेंडा लाइनवरून घसरत पाण्यात गेला आणि मी कयाकमध्ये उरलेला दांडका धरून बसलो.

कारण माहीत आहे, म्हणून जास्त चिडचिड होतेय. मागच्या नोंदीत लिहिलं होतं ना, की फॉरवर्ड कास्टला एकदा ‘टक्’ झालं, पण बघितलं तर ओरखडासुद्धा नाही? तोच तो टक्. मोठ्या डंबेल डोळ्यांची क्लाउझर (शिशाचे डंबेलसारखे डोळे बांधलेली फ्लाय) रॉडवर आपटली होती. कार्बन त्या दिवशी काही बोलत नाही. आतले तंतू दुखावलेले राहतात आणि पुढे भलत्याच वेळी हिशेब चुकता होतो. आता टक् झालं की कास्टिंग बंद आणि रॉडभर नख फिरवून बघायचं. बनवणाऱ्यांना नव्या तुकड्यासाठी लिहिलंय. त्यांनी उलट एक लांबलचक फॉर्म धाडलाय, त्यात प्रश्न आहे: ‘रॉड मोडला तेव्हा तुम्ही उभे होतात का?’ हाच प्रश्न गेला दीड महिना मी स्वतःला विचारतोय!

नाइलाजानं माळ्यावरचा जुना आठ वजनाचा रॉड काढला. मऊ, मंद, हल्ली कुणी कौतुक करणार नाही असा. पण त्याला घाई चालतच नाही. जड फ्लाय मागे गेली की तो सावकाश वाकतो आणि आपल्यालाही सावकाश व्हावं लागतं. पहिल्याच दिवशी टक् कमी झाले. ताठ, वेगवान रॉडच्या नादी लागून दीड महिना घालवला हे आता कबूल करतो. लहान फ्लाय लांब फेकायला तो छानच आहे, पण बसून शिशाचे डोळे फिरवायला मला तरी तो मानवला नाही.

तरीही मूळचं दुखणं तसंच. दर तिसऱ्या-चौथ्या बॅककास्टला मागे ‘चप्प’ आवाज, फ्लाय पाण्यात, आणि पुढचा कास्ट आकाशाकडे जाऊन ढिगारा होऊन पडतो. हा ढिगारा का, ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे: लाइन मागे आणि पुढे साधारण एकाच रेषेत जाते, म्हणून मागे खाली गेली की पुढे वर जाणारच. उपायही पाठ आहे, बॅककास्ट वर मारा. मी वरच मारत होतो! रॉड मागे घड्याळातल्या एकवर थांबतोय (बारा म्हणजे सरळ वर) याची तर शपथ घेतली असती.

मग मित्राला काठावर उभं करून मोबाइलवर बाजूनं व्हिडिओ काढायला लावला. तो अजून मला चिडवतोय. व्हिडिओत रॉड एकला थांबतच नाही, चांगला पावणेदोनला थांबतो. आधी वाटलं मनगट सैल पडतंय. मनगटाला रबरबँड लावून रॉडचा बट (मुठीकडचं टोक) बांधला, तरी तेच. तिसऱ्यांदा बघताना रॉड सोडून स्वतःकडे लक्ष गेलं, तर मी आरामखुर्चीत रेलल्यासारखा बसलेलो. वल्हवताना पाठ दुखते म्हणून सीटची पाठ मागे केली होती ती तशीच राहिलेली. मोबाइलमधला कोनमापक पाठीला लावला: उभ्या रेषेपासून २० अंश.

आता गणित बघा. घड्याळाच्या तबकडीवर एक तास म्हणजे ३० अंश, तर २० अंश म्हणजे ४० मिनिटं. अंग आपल्या कण्यावरून ‘वर’ कुठे ते ठरवतं, म्हणून अंगाला जो एक वाटतो तो खरा एक चाळीस. ९ फुटी रॉडवर या फरकानं टोक जवळजवळ ६० सेंटिमीटर खाली येतं. उभं राहून ते खपून गेलं असतं. बसल्यावर माझा खांदा पाण्यापासून जेमतेम ७० सेंटिमीटरवर असतो, तिथे हे ६० म्हणजे सगळी पुंजीच.

पट्टे ओढून पाठ ताठ केली, बुडाखाली फोमची एक घडी सरकवली, पायटेकू एक खाच जवळ घेतले. बाकी काहीही बदललं नाही. लागोपाठ अकरा बॅककास्ट, एकही चप्प नाही. बारावा गेला, कारण मी मोजत होतो. (फोम जाड घेऊ नका. दोन बोटं उंची वाढली तरी होडी किती डुलते ते मी एकदा अनुभवलंय, कपडे वाळवून झालेत.)

पाठ ताठ झाल्यावर बेल्जियन कास्ट पुन्हा काढला. मागे तो सोडून दिला होता, कारण शिकवतात त्या पद्धतीत बॅककास्ट आडवा, जवळजवळ पाण्याला समांतर जातो आणि फॉरवर्ड डोक्यावरून. उभ्या माणसाला ठीक आहे, बसलेल्याच्या आडव्या बॅककास्टला पाणी लागूनच असतं. यावेळी ते वर्तुळ तिरकं केलं. रॉड बाजूला, पण ४५ अंशात, आणि मागे जाताना चढत जाणारा. मुख्य म्हणजे मागे थांबायचंच नाही. गोफण फिरवताना दगड मध्ये थांबवून पुन्हा ओढत नाही ना, तसं. साध्या ओव्हरहेडमध्ये लाइन पूर्ण उलगडते, जड फ्लाय शेवटी झटका मारते, झटक्यानंतर क्षणभर लाइन ढिली पडते, आणि त्या क्षणात फ्लाय खाली येते किंवा रॉडच्या वाटेत येते. गोलाईत हा ढिला क्षणच येत नाही. शिवाय फ्लाय एका वाटेनं जाते आणि दुसऱ्या वाटेनं येते, म्हणून रॉडशी गाठ पडत नाही. तोटा एकच, पिळामुळे रॉडचे सांधे सैल होतात. स्पे कास्टवाले (लांब दुहाती रॉडनं गोलाईत फेकणारे) सांध्यांना टेप लावतात ते उगाच नाही. मी मेण लावतो आणि दर अर्ध्या तासानं चाचपतो.

सध्याचा क्रम: रोल कास्टनं (हवेत मागे न टाकता लाइन पुढे लोळवून) लाइन पाण्यावर आणायची, ती पुढे पडताच पाण्याच्या पकडीवरच रॉड वाकवून मागे घ्यायची, एकच चढता बॅककास्ट, आणि सोडून द्यायची. हवेत जास्तीचे हेलकावे नाहीत. डबल हॉल (मागे आणि पुढे फेकताना दुसऱ्या हातानं लाइनला एकेक झटका) करताना डावा हात मांडीवर आपटायचा, तो आता खाली न ओढता बाहेर, कंबरेच्या मागे ओढतोय. लाइनवर ५० आणि ६० फुटांना काळ्या मार्करच्या खुणा केल्यात. काल सकाळी वारा पडलेला असताना १० पैकी ७ वेळा साठाची खूण रॉडच्या टोकाबाहेर होती. साठ! महिन्यापूर्वी पंचेचाळिसाला मी पेढे वाटायच्या बेतात होतो.

उजव्या खांद्यावर वारा आला की मात्र अजून पंचाईत. फ्लाय थेट कानाकडे येते. तेव्हा होडी फिरवून बॅककास्टवरच फ्लाय द्यायची, एवढंच सध्या जमतं. चष्मा आणि टोपी घालता ना? हुकचा बार्ब (उलटा काटा) दाबलाय ना? पुन्हा विचारणार नाही.

पुढचा बेत १० फुटी रॉडचा होता. तसं लिहायलाही घेतलं होतं, पण मध्ये फ्लाय तोलायला वजनकाटा काढला आणि बेत फिरला. नव्या पाकिटातले डंबेल डोळे आधी काट्यावर ठेवले. सगळे १/२४ औंसाचे, म्हणजे सुमारे १.२ ग्रॅमचे असायला हवेत. एक भरला १.०, दुसरा १.४. विकणाऱ्याचं म्हणणं, ‘मासे मोजत नाहीत’. मासे नसतील मोजत, माझा कान मोजतो.

मग बांधलेल्या फ्लाय पाण्यात बुडवून, एक झटका देऊन तोलल्या. बकटेलची (हरणाच्या शेपटीच्या केसांची) क्लाउझर कोरडी १.९ ग्रॅम, ओली २.४. सशाच्या कातडीच्या पट्टीची, तेवढ्याच डोळ्यांची, कोरडी २.०, ओली ४.६. म्हणजे मी दीड महिना दोन फ्लाय एकदम फेकत होतो! त्यात आठ वजनाच्या लाइनचे पहिले ३० फूट २१० ग्रेन, म्हणजे साडेतेरा ग्रॅम. बसून मी तेवढीही लाइन हवेत धरत नाही, फार तर वीस-बावीस फूट. लाइन कमी तेवढा फ्लायचा वरचष्मा. ससा बाहेर असताना फ्लायच लाइनला नेत होती.

तर १० फुटी रॉड बाद. त्याचा शेंडाही बसलेल्या मनगटाला जडच पडणार. वजन फ्लायमधून काढून लाइनमध्ये घालायचं: इंटरमीडिएट लाइन, जी स्वतःच सावकाश बुडते आणि बारीक असल्यानं वारंही कापते, आणि शिशाच्या जागी मणीसाखळीचे हलके डोळे. तेही हुकच्या दांड्यावर क्लाउझरसारखेच बांधायचे, म्हणजे फ्लाय उलटी होऊन हुकचं टोक वर राहतं. बॉब क्लाउझरनं ती शिशाचे डोळे लावूनच बांधली, पण नदीतल्या स्मॉलमाउथ बास माशासाठी; समुद्रात नेण्याचा हट्ट आपला. क्लाउझरची ती खास उडी, ओढलं की वर आणि सोडलं की नाकावर खाली, मणीसाखळीत थोडी मरेल हे मान्य. ती किती मरते तेच बघायचंय. लीडरही (लाइन आणि फ्लाय यांच्यातली बारीक दोरी) नऊवरून साडेसहा फुटांवर आणतोय, लाइनकडचं टोक जाड ठेवून.

सोडायची लाइन मांडीवर ओल्या टॉवेलवर ठेवायचा प्रयोग यशस्वी, ती वाऱ्यानं हलत नाही. पायटेकूंत लाइन अडकते, त्याचं मात्र काही जमलेलं नाही. काल साठ फुटांवरच्या एका कास्टला फ्लायच्या मागून पाणी फुगलं, फ्लाय जोरात ओढली गेली, आणि लाइन डाव्या पायटेकूला दोन वेढे घालून बसली होती. लीडर तुटला. पायटेकूंवर जुने मोजे चढवून बघतो, तोवर मणीसाखळीच्या सहा फ्लाय बांधून होतील. चार झाल्यात, पाचवीचा डोळा तिरका बसलाय.