तुम्ही विचारलंत म्हणून

"विद्यार्थ्यांकडून 'लिसिस्ट्राटा'? दुसरं नाटक मिळालं नाही का सर?" सहकाऱ्यांनी विचारलं, पालकांनी विचारलं. आता एकदा नीट सांगतो.

ॲरिस्टोफनिसचं हे जुनं ग्रीक नाटक चावट आहे, मान्य. इ.स.पू. 411 मध्ये अथेन्सला त्याचा प्रयोग झाला, तेव्हा पुरुष पात्रं चामड्याची लिंगं लावून वावरायची आणि बायकांची कामंही पुरुषच करायचे. पण दोनच वर्षांपूर्वी सिसिलीत अथेन्सचं आरमार बुडालं होतं. स्पार्टाशी युद्ध चालूच होतं. नाटकातल्या बायका लिसिस्ट्राटाच्या पुढाकाराने नवऱ्यांना जवळ येऊ देत नाहीत, त्या लढाई थांबावी म्हणून. शिवाय त्यांच्यातली मिरिनी कासावीस नवऱ्याला झुलवते तो प्रवेश बघा: आधी खाट, मग गादी, उशी, पांघरूण, अत्तर, तेही चुकलं म्हणून दुसरं अत्तर. दर वेळी विंगेत जाऊन परत यायचं. एक क्षण उशीर झाला की हशा गेला. नटाला टायमिंग शिकवायला याहून चांगला प्रवेश मला माहीत नाही. 'पोरं बिघडतील' म्हणणाऱ्यांनी एक तालीम बघायला यायला हवं होतं.

पण शेवटी तहाचा प्रवेश आहे. लिसिस्ट्राटा 'समेट' नावाची एक विवस्त्र बाई पुढे आणते आणि अथेन्स-स्पार्टाचे दूत तिच्या अंगावर बोटं दाखवत मुलूख वाटून घेतात. मेगारा या ग्रीक शहराच्या तटबंदीला 'पाय' म्हणायचे, त्यावरची कोटी तर हमखास वसूल होते. समेटला एकही वाक्य नाही. आमच्याकडे ते काम दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीला दिलं होतं. अंगावर कापूस भरून शिवलेला पोशाख, म्हणजे उघडं काहीच नाही, असं मी सगळ्यांना बजावून सांगायचो. तिसऱ्या तालमीला दूतांची कामं करणारी दोन्ही मुलं रंगात आली होती, सगळा हॉल हसत होता, मीही. ती मधेच म्हणाली, "सर, हे चाललेलं असताना मी कुठे बघायचं?"

मी म्हटलं, "समोर बघ." आणि पुढचं वाक्य घ्यायला लावलं.

प्रयोगाच्या दिवशी ती समोर बघत राहिली नाही. 'पाय' आले तेव्हा मान वळवून तिने बोलणाऱ्या मुलाकडे पाहिलं, नुसतं पाहिलं. हशा अर्ध्यात विरला. तो मुलगा वाक्य विसरला. विंगेत मी तिच्यावर भडकलो, "लय तोडलीस तू!" ती काही न बोलता पोशाखाच्या पाठीमागच्या नाड्या सोडत राहिली. गाठ बसली होती, सुटत नव्हती. मी मदतीला कुणाला हाकही मारली नाही.

संहितेशी प्रामाणिक राहिलो, असं तेव्हा म्हणायचो. आज वाटतं, त्या प्रवेशात कुणीतरी काहीतरी खरं केलं असेल तर ते तिने. मग परत वाटतं, लय तुटली हेही खोटं नाही. विनोद मेला आणि त्याच्यामागून येणारा तहाचा आनंदही उतरला. पुन्हा बसवणार का, असंही विचारता. बसवेन. तो प्रवेश गाळणार नाही. पण समेटने कुठे बघायचं, हे मला अजून सांगता येत नाही.