बारा वाजून एक सेकंद

भूकंपाच्या नोंदी वाचणं हे माझं काम. ऐकणाऱ्याला ते भारी वाटतं, पण आमचा बराचसा दिवस पाखडण्यातच जातो. ट्रकची थरथर, आगगाडी, खाणीतले सुरुंग, सोसाट्याचा वारा हे सगळं बाजूला काढायचं आणि खाली काही उरलंच तर ते लिहून ठेवायचं. बहुतेक दिवशी फारसं काही उरत नाही.

३ सप्टेंबर २०१७ हा रविवार होता आणि ड्युटीवर मी एकटीच होते. जागतिक वेळेनुसार ३ वाजून ३९ मिनिटांच्या सुमाराला पडद्यावरची रेघ एकदम उसळली. उत्तर कोरियाचं पुंगये-री आमच्या केंद्रापासून सुमारे साडेपाच हजार किलोमीटरवर आहे. जमिनीच्या पोटातून तिथली पहिली लहर आमच्यापर्यंत यायला नऊ मिनिटं लागतात. म्हणजे जे व्हायचं ते ३:३० ला होऊन गेलं होतं.

हे ओळखायला फार हुशारी लागत नव्हती, ते आधीच सांगून टाकते. २००६ पासून त्याच डोंगराळ परिसरात पाच अणुचाचण्या झाल्या होत्या आणि तिथून येणारी लहर कशी दिसते हे आम्हाला तोंडपाठ होतं. भूकंपात खडकाचे दोन भाग एकमेकांना घासून सरकतात. त्यामुळे काही केंद्रांना पहिला धक्का जमिनीच्या आतून बाहेर ढकलल्यासारखा बसतो, तर काहींना आत ओढल्यासारखा. स्फोट मात्र चहूकडे ढकलतोच. जगातल्या कुठल्याही केंद्राची नोंद काढा, पहिली उसळी वरच. शिवाय पहिली लहर चांगली जोरकस असूनही मागून संथपणे येणाऱ्या पृष्ठलहरी त्या मानाने दुबळ्या असतात. त्या दिवशीही सगळं तसंच होतं, फक्त आकडा मोठा होता. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तीव्रता ६.३ ठरवली. आधीच्या पाचांपैकी एकही त्याच्या जवळपास नव्हता.

फोन सुरू झाले. वरिष्ठांचे, वार्ताहरांचे, आणि त्यातच एक काकांचा.

काकांबद्दल थोडं सांगायला हवं. हयात घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. दोन वर्षांपासून ते आमच्या कार्यालयात फोन करत. त्यांच्याकडे एक वही होती आणि वहीत एक सिद्धांत होता. पृथ्वीला युद्ध सोसत नाही, माणसाने बॉम्ब फोडला की ती कुठेतरी हिशेब चुकता करते, असं त्यांचं म्हणणं. एका रकान्यात लढाया आणि चाचण्या, शेजारच्या रकान्यात भूकंप. असे फोन आमच्याकडे पुष्कळ येतात. कुणी ग्रहांच्या युतीवरून तारखा काढतं, कुणाच्या गुडघ्याला आधी कळतं. सहकारी काकांचा आवाज ऐकला की रिसीव्हर माझ्याकडे सरकवत.

मी त्यांना एकदा अ‍ॅमचिटका बेटाची गोष्ट सांगितली होती. १९७१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेने अलास्काच्या त्या बेटाखाली जवळजवळ पाच मेगाटनांचा स्फोट केला. जमिनीखालचा अमेरिकेचा तो सर्वांत मोठा. मोठा भूकंप होईल, त्सुनामी येईल, या भीतीने लोक रस्त्यावर उतरले होते, कारण जागाच मुळी भूकंपाच्या पट्ट्यातली. तरीही काही झालं नाही. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, हिशेब लगेच मांडतात असं कुठं आहे?" अशा सिद्धांताशी भांडता येत नाही. तो कशानेच खोटा ठरत नाही, तीच त्याची खोड.

त्या रविवारी मला त्यांच्यासाठी वेळ नव्हता. मी तुटकपणे म्हटलं, "काका, आज नको."

"एकच विचारतो. तिथल्या घड्याळात किती वाजले होते?"

मी घाईत जागतिक वेळेत नऊ तास मिळवले आणि साडेबारा म्हणून सांगितलं.

"चुकलात. साडेआठ मिळवा. दोन वर्षांपूर्वी त्यांनी घड्याळं अर्धा तास मागे घेतली आहेत. बरोब्बर बारा."

फोन त्यांनीच ठेवला. मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. स्फोटाची गणिताने काढलेली वेळ होती ३ वाजून ३० मिनिटं १ सेकंद. सकाळपासून तो आकडा मी वीसेक लोकांना वाचून दाखवला होता. त्यातला जोर, खोली, दिशा सगळं सांगितलं होतं. तिथे भिंतीवर एक घड्याळ असेल, दोन्ही काटे एकमेकांवर येण्याची वाट पाहत कुणीतरी उभं असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

जरा सवड मिळाल्यावर जुन्या नोंदी काढल्या. ६ जानेवारी २०१६: १ वाजून ३० मिनिटं १ सेकंद, म्हणजे तिथले सकाळचे दहा. ९ सप्टेंबर २०१६: ० वाजून ३० मिनिटं १ सेकंद, म्हणजे सकाळचे नऊ, तोही त्यांच्या राष्ट्रस्थापनेच्या दिवशी. लहरींचा अभ्यास बाजूला ठेवला तरी नुसत्या वेळा पाहून म्हणता आलं असतं की हे खडकाचं काम नाही. खडक ताण साठवत राहतो आणि सुटायचा तेव्हा सुटतो, तास पुरा व्हायची वाट पाहत नाही.

दुपारी मीच काकांना फोन लावला. त्यांनी आढेवेढे न घेता सांगितलं, "पहिल्या तीन चाचण्या मात्र यात बसत नाहीत हां. २००६ ची १०:३५ ला आहे. उगाच सहाच्या सहा म्हणू नका." तीन नमुन्यांवर निष्कर्ष काढू नये हे मी त्यांना सांगणार होते, त्याआधीच त्यांनी मला ऐकवलं.

पण मग स्वारी मूळ पदावर आली. पहिल्या धक्क्यानंतर साडेआठ मिनिटांनी त्याच जागी ४.१ चा दुसरा धक्का नोंदला गेल्याची बातमी तोवर पसरली होती. आमच्या केंद्रात तो दिसला नव्हता. इतक्या अंतरावर तो पार्श्वभूमीच्या गोंगाटात बुडून गेला. जवळच्या केंद्रांच्या नोंदींवरून मला कळला.

"बघा, उत्तर दिलं की नाही!"

"उत्तर नाही काका, डोंगर खचला. स्फोटाने आत पोकळी झाली आणि वरचा खडक त्यात बसला."

"म्हणजे डोंगराचे बारा वाजले." ते स्वतःवरच खूश होऊन हसले. मग म्हणाले, "बरं, पण तो दुसरा धक्का कुणाचा? त्यांनी दिलेला, की डोंगराचा स्वतःचा?"

मी "त्यांचाच" म्हटलं खरं, पण तक्ता भरताना तिथेच अडले. आमच्या तक्त्यात प्रकाराचा एक रकाना असतो: नैसर्गिक किंवा मानवनिर्मित. पोकळी माणसाची. खडक पडला तो स्वतःच्या वजनाने, कुणी बटण न दाबता. धरणाचं पाणी साठल्यावर होणाऱ्या भूकंपांबद्दलही हाच घोळ आहे. ताण निसर्गाचा, धक्का लावला पाण्याने, पाणी अडवलं माणसाने. निसर्ग आणि माणूस यांच्यामधली रेघ आपण इतक्या सहज मारतो, जणू माणूस या गोलाबाहेर उभा राहून काठीने डिवचतो आहे. मी "मानवनिर्मित" लिहिलं, खोडलं, शेवटी शेरा टाकला: "खचणे, आधीच्या स्फोटामुळे." रकाना रिकामा ठेवला. त्यावरून दुसऱ्या दिवशी बोलणी बसली, तो भाग सोडून देते.

काका एकदा चिडून म्हणाले होते, "तुमचं शास्त्र बॉम्बवाल्यांच्या पैशावर वाढलंय." तेव्हा मला राग आला होता. पण हे खोटं म्हणता येत नाही. १९५८ साली जिनिव्हात अमेरिका आणि सोव्हिएत रशिया या दोन्ही गटांचे तज्ज्ञ जमले ते चोरून केलेली चाचणी पकडता येईल का हे ठरवायला. १९६३ च्या करारात हवेतल्या, पाण्याखालच्या आणि अंतराळातल्या चाचण्यांवर बंदी आली, जमिनीखालच्या सुटल्या, कारण तपासणी कुणी आणि किती वेळा करायची यावर एकमत होईना. त्याच संशयापोटी अमेरिकेने साठीच्या दशकात सुमारे साठ देशांत एकसारखी उपकरणं असलेली शंभरावर केंद्रं बसवली. कान रशियाकडे लावलेले, पण ऐकू आली अख्खी पृथ्वी. भूकंप जगभर विखुरलेले नसून अरुंद पट्ट्यांत आहेत हे त्या नोंदींमुळे स्वच्छ दिसलं आणि भूपट्ट सरकतात या कल्पनेला त्यातून भक्कम पुरावा मिळाला. भूकंपशास्त्रज्ञ लिन साइक्स यांनी समुद्रतळावरच्या भेगा कुठल्या दिशेने सरकतात हे लहरींच्या पहिल्या उसळीवरून दाखवलं, आणि पुढे तेच चाचण्या ओळखण्याच्या कामातही होते. वर की खाली, ढकललं की ओढलं. मी रोज तेच पाहते.

२३ सप्टेंबरला त्या डोंगराजवळ पुन्हा लहान धक्के बसले, मोठा ३.५ च्या आसपासचा. हे खरे भूकंप होते. तो भाग तसा शांत समजला जायचा. काकांच्या फोनची मी वाटच पाहत होते. "आता?" एवढंच ते म्हणाले. स्फोटाने आसपासच्या खडकातला ताण बदलला, जुनी भेग सैल झाली, असं मी समजावलं. पृथ्वीचा राग वगैरे काही नाही, काही किलोमीटरांच्या परिसरातली घडामोड. "म्हणजे हिशेब चुकता केला, पण शेजारच्या शेजारी," ते म्हणाले. मी वाद घातला नाही. उपग्रहांवरच्या रडारच्या मोजणीतून पुढे कळलं की डोंगराचा पृष्ठभाग काही ठिकाणी तीन मीटरहून जास्त सरकला होता.

२०१८ च्या मे महिन्यात त्यांचा फोन आला तो पहिल्यांदाच भूकंपाविषयी नव्हता. दोन्ही कोरियांच्या नेत्यांची भेट झाली होती आणि ५ मेपासून उत्तर कोरियाने आपली घड्याळं पुन्हा अर्धा तास पुढे, दक्षिणेच्या वेळेला लावली होती. २०१५ साली ती मागे घेतली होती तीही जपानी राजवटीने लादलेली वेळ नको म्हणून. काकांच्या आवाजात मला वाटतं आनंदच होता. एवढी घड्याळं एका रात्रीत लावायची म्हणजे केवढं काम, असंही ते म्हणाले.

"तर ताई, आता तिथले बारा म्हणजे तुमचे तीन. साडेतीन नव्हे. लिहून ठेवा, नाहीतर पुन्हा चुकाल."

मी चिठ्ठीवर लिहून ती मॉनिटरच्या कडेला चिकटवली. तिचा डिंक वाळला म्हणून मागच्या महिन्यात नवीन लावली. त्यानंतर त्या डोंगराखालून तशी उसळी आलेली नाही.