मधलाच श्वास

कोजागरी. खरं तर उलटलीच, पावणेदोन वाजलेत.

पातेली विसळताना वहिनी म्हणाली, "छान म्हणाली ना सई?" मी म्हटलं, छानच. आणि खरंच छान म्हणाली. मग मला काय झालंय?

ते गाणं काही माझ्या मालकीचं नाही. पण कोजागरीला ते मी म्हणायचं, हे न ठरवता ठरलेलं होतं. यंदा सई गिटार घेऊन बसली आणि सुरूच झाली. ठेका काढून टाकला, लय निम्म्यावर आणली, तिसरं कडवं चक्क गाळलं. टाळ्या! "आत्या, आता तू," असं कुणाच्याही तोंडून निघालं नाही. दादाच्याही नाही. दादाचं जाऊ दे.

झोप येईना म्हणून कानात आयू लावली, ती कोरियन गायिका. ही कोरियन लागणही सईचीच. जुनी गाणी नव्याने म्हटलेला तिचा दुसरा अल्बम, 2017 चा 'कोतगाल्पी 2'. कोतगाल्पी म्हणजे पुस्तकात खूण म्हणून ठेवलेलं फूल. (आईच्या पोथीतली बकुळ कुणाकडे गेली?) सहाच गाणी. त्यातलं 'शरदातली सकाळ' मूळचं यांग ही-उन यांचं, 1991 चं. आयूचा जन्म 1993 चा! आधी नुसता गळा, वाद्यं मागून येतात. गाण्यात एका घरातली सकाळ आहे. आईची धांदल, गिटार छेडत बसलेला आळशी मुलगा, आणि फिरून आलेले वडील, दोन्ही हातांत झऱ्याचं पाणी. त्या पाण्याचा गुण काय, ते कुणालाच ठाऊक नाही. इथे मला दर वेळी बाबांचा कारल्याचा रस आठवतो.

आज मात्र खुन्नस म्हणून यांगबाईंचं शोधून ऐकलं. म्हटलं, मूळ ते मूळ. बाईंचा आवाज काय सुंदर आहे! आणि तरी कान आयूलाच शोधत राहिला. म्हणजे बाईंच्या जागी मी बसलेय, आणि मीसुद्धा बाईंच्या बाजूने नाही.

पण त्या दोघी 2013 मध्ये एकत्र गायल्या होत्या, आयूच्याच अल्बममध्ये. ओळख होती. सई तर लहानपणी माझ्या कुशीत झोपलेली पोर. "आत्या, मी म्हणू का?" एवढंच. मी हो म्हटलं असतं. बहुतेक.

'कोतगाल्पी 2' मध्ये एक गाणं किम सोवॉलच्या कवितेचं आहे. कवी 1934 मध्येच गेला. 1972 मध्ये जंग मी-जो यांनी ते गायलं, मग आयूने. आता ते कुणाचं म्हणायचं? किम ग्वांग-सॉक या गायकाचंही एक गाणं घ्यायचं होतं, ते ऐन वेळी गाळलं. गाळतात लोक. पण तिसरं कडवं का?

वहिनीने ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ तिसऱ्यांदा बघताना कळलं. दुसऱ्या कडव्यात सई एका शब्दाच्या मधोमध श्वास घेते. शब्दाचे सरळ दोन तुकडे. मूळ गायिका तिथे थांबत नाही. थांबते मी. बाबांनी रेकॉर्ड केलं त्या वर्षी मला खोकला होता. खोकला गेला, ते थांबणं राहिलं. आणि तिसऱ्या कडव्याआधी अशी ढास लागली की रेकॉर्डिंग तिथेच संपतं. शेवटी बाबांचा आवाज आहे, "पाणी आणा गं कुणीतरी."

रोज तासभर पोहणारी तेवीस वर्षांची पोरगी, तिला कसला आलाय दम लागायला! माझा खोकला म्हणतेय ती. चांगली गिटारवर बसवून.

एकटीच हसले. मग वाटलं, तिसरं कडवं लिहून पाठवावं तिला. बसले आठवत. पहिल्या ओळीपुढे माझीही गाडी जाईना.