आमची वाटचाल : बिलातली शेवटची ओळ

२०११ साली मी आणि धाकट्या भावानं कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली. चित्रं मी काढायची. अक्षरं आणि हिशेब त्याच्याकडे. सुरुवातीला लग्नपत्रिका, तरुण मंडळांचे अहवाल आणि गुळाच्या बॉक्सवरचा एक बैल. बैल अजून चालू आहे, आणि ते व्यापारी दर पाडव्याला एक ढेप पाठवतात.

२०१६ मध्ये एका दिवाळी अंकासाठी मी पन्हाळ्याचा तीन दरवाजा जलरंगात केला. तीन दिवस गडावर बसून. मानधन साडेतीन हजार. दीड वर्षानं भाऊ मित्रांबरोबर एका हॉटेलात जेवायला गेला. तांबडा रस्सा येईपर्यंत भिंतीकडे बघत बसला आणि तिथूनच फोन केला, "ताई, तुझा दरवाजा इथं लावलाय. सही नाही." उजवा कोपरा असा कापला होता की सहीबरोबर तिथं बसलेली बोरं विकणारी म्हातारीही गेली. अंकवाल्यांना विचारलं तर म्हणाले, फाईल आम्हीच दिली, पैसे मोजून करून घेतलेलं चित्र आहे.

तणतणत वकिलांकडे गेले. त्यांनी १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ समोर ठेवलं. मोबदला देऊन कुणी पेंटिंग, पोर्ट्रेट किंवा फोटो करून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक करून घेणारा. मी समजत होते, ब्रश माझा म्हणजे हक्क माझा! कलम ५७ तेवढं आमच्या बाजूचं निघालं : हक्क गेले तरी कर्तेपण चित्रकाराचंच राहतं, आणि नावाला बाधा येईल अशी मोडतोड केली तर दाद मागता येते. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प सरकारनं १९७९ मध्ये उतरवलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयानं याच कलमावर ते परत द्यायला लावलं, वर पाच लाख भरपाई, पण २००५ मध्ये. एवढा दम आमच्यात नव्हता. पत्र पाठवलं, हॉटेलवाल्यांनी खाली नावाची पट्टी लावली. म्हातारी काही परत आली नाही.

तेव्हापासून कोटेशनच्या आणि बिलाच्या शेवटी एक ओळ असते : कुठली आवृत्ती, कुठली भाषा, किती वर्षं, मूळ चित्र परत कधी. सही झाल्याशिवाय पेन्सिल उचलत नाही. हक्क द्यायचे तर कलम १९ प्रमाणे लेखीच द्यावे लागतात. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारत. या ओळीपायी दोन-तीन गिऱ्हाइकं गेली. एकानं विचारलं, "ताई, चित्र घेतोय का जमीन?" भाऊ म्हणाला, "जमीनच, भाड्यानं."

बैल मात्र मी कायमचा विकलाय, लेखी. त्यांचा धंदा त्या बैलावर चालतो. तोच उद्या दुसऱ्या गूळवाल्याला देणं बरं दिसेल का?

सध्या तालमींवरचं मुलांसाठीचं पुस्तक हातात आहे, अठरा चित्रं. २०२५ च्या मार्चमध्ये जो तो आपले फोटो जपानी कार्टूनसारखे करून टाकत होता, तेव्हापासून नवीनच प्रकार सुरू झालाय. या पुस्तकाच्या प्रकाशकांनीही एआयकडून काढलेला पैलवान पाठवला, "आराखडा तयार आहे, तुम्ही फक्त हात फिरवा," म्हणजे अर्ध्या पैशात. माती करडी, लंगोटाऐवजी चड्डी, आणि कान नवरदेवासारखे कोरे. ज्यांची चित्रं गिळून हे यंत्र शिकलं त्यांना कुणी विचारलं नाही, याचा राग आहेच. पण त्या कानांनी मी जास्त चिडले.

भांडले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना तालमीत घेऊन गेले. हळद, तेल, ताक मुरलेल्या लाल मातीचा वास, आणि हौद्याच्या कडेला बसलेले वस्ताद, कुस्त्यांनी दोन्ही कान मुटकुळं होऊन डोक्याला चिकटलेले. प्रकाशक बराच वेळ बघत राहिले. शेवटी वस्तादांनीच विचारलं, "काय पाव्हणं, कान पायजे काय?"

करार आमच्याच दरानं झाला. 'एआयला शिकवण्यासाठी वापर नाही' ही ओळ त्यांनी दोनदा वाचली आणि सही केली. अकरा चित्रं झालीत. लंगोटाची मागची गाठ अजून मनासारखी येत नाहीये, उद्या परत तालमीत जायचंय.