कणीस : पहिल्या सापाची सहा महिन्यांची नोंद

फेब्रुवारी

साप पाळायचा हे डिसेंबरातच पक्कं झालं होतं. कोणता पाळायचा, यात दोन महिने गेले. मी बत्तीस शिराळ्याजवळच्या गावची. धामण, तस्कर, कवड्या परसात आणि बांधावर बघतच मोठी झाले. पण तिकडे यांतला कुठलाही साप घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. रानातला साप रानातच राहिला पाहिजे. इथे इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये नागासारख्या विषारी जातींना १९७६ च्या कायद्याखाली परवाना लागतो. माणसाकडेच पिढ्यान्‌पिढ्या जन्मलेल्या बिनविषारी सापांपैकी मी बघत होते त्यांना तो लागत नाही.

यादीत तीन नावं उरली. मन होतं रॉयल पायथन या अजगरावर. घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखं वेटोळं करतो, चावायला सहसा येत नाही. पण तो ठणठणीत असतानाही महिनोन्‌महिने खाणं सोडू शकतो. शिवाय त्याला दमट हवा लागते. पहिल्यांदाच साप पाळणारा माणूस अशा उपासाने धास्तावतो आणि रोज काहीतरी बदलत बसतो, त्याने साप आणखी बिथरतो. एक गोष्ट कळकळीने सांगते. यातल्या ‘स्पायडर’ नावाच्या नक्षीवर भाळू नका. त्या नक्षीबरोबरच मज्जासंस्थेचा दोष येतो, सापाचं डोकं डुगडुगतं आणि कधी तो उताणाही होतो. असा जीव मागणी आहे म्हणून जन्माला घालू नये असं मला मनापासून वाटतं.

दुसरा केनियन सँड बोआ, आपल्या मांडुळाचा आफ्रिकेतला नातलग. गुप्तधनाच्या खुळापायी आपल्याकडे मांडुळाची किती तस्करी होते ते आठवलं आणि दुकानात हा उघड विकायला ठेवलेला बघून पोटात कालवलं. लहान जागेत सुखाने राहतो, पण दिवसभर वाळूखाली. मला साप फिरताना बघायचा होता.

राहिला कॉर्न स्नेक. मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, अंगाने आपल्या तस्करासारखा सडपातळ, साधारण चार-पाच फुटांपर्यंत वाढणारा, १५-२० वर्षं जगणारा. हा वर्षांचा आकडा घरातल्या सगळ्यांना आधी सांगा. फ्रीझरमध्ये झाकणाच्या वेगळ्या डब्यात मेलेले उंदीर राहणार, हेही तेव्हाच सांगा. आमच्याकडे नवऱ्याला पटायला तीन आठवडे लागले आणि तेवढे मी थांबले.

मार्च

पिल्लं वाढवणाऱ्या गृहस्थांकडे गेले. त्यांनी पिल्लं दाखवायच्या आधी वही उघडली. प्रत्येक पिल्लाचा वेगळा रकाना, कोणत्या तारखेला काय खाल्लं, कधी नाकारलं, कात कधी टाकली. एक पांढरं-गुलाबी पिल्लू इतकं देखणं होतं की नजर हटेना, पण त्याने नऊपैकी चार वेळा खाणं नाकारलेलं होतं. शेजारच्या डब्यात साध्या रंगाचा नर होता, नारिंगी अंगावर काळ्या कडांचे तांबूस ठिपके. त्याने अकरापैकी अकरा वेळा खाल्लं होतं, तेही बर्फातून काढून गरम केलेलं. मी तो पक्का केला. सापाचं रूप शेवटी बघा, वही आधी बघा. वही नसेल तर तुमच्या डोळ्यांसमोर एकदा खाऊ घालायला सांगा.

साप आणायच्या आधी दोन आठवडे त्याच्या राहायचा डबा रिकामाच चालवून बघितला. घट्ट कड्यांचा रियली युजफुल बॉक्स (प्लॅस्टिकचा डबा), बाजूंना हवेची भोकं, एका टोकाला खालून हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, दोन्ही टोकांना लपायला जागा, पाण्याचं भांडं. गरम टोक ३० अंश, थंड टोक २३-२४. चौथ्या दिवशी तळाला हात लावला तर चांगलाच गरम लागला. मोजलं तर ३९! थर्मोस्टॅटची, म्हणजे तापमान बघून मॅट चालू-बंद करणाऱ्या यंत्राची, तार मी हवेत लटकवली होती. हवा गार असल्याने तो मॅट तापवतच राहिला. तार तळाला, बरोबर मॅटच्या वर चिकटवली आणि तापमान ३० वर स्थिरावलं. डब्यात साप असता तर त्याला ते सोसलं नसतं.

एप्रिल

कणीस घरी आला, वजन २२ ग्रॅम. पोटावर मक्याच्या दाण्यांसारखे काळे-पांढरे चौकोन आहेत, म्हणून हे नाव. पहिले सात दिवस फक्त पाणी बदललं, हात लावला नाही. आठव्या दिवशी पिंकी दिली, म्हणजे उंदराचं बिनकेसाचं पिल्लू. रात्रभर फ्रिजमध्ये वितळवायची, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवायची आणि चिमट्याने द्यायची. त्याने झडप घालून वेटोळं केलं आणि गिळली.

तिसऱ्या जेवणानंतर माझी चूक झाली. पोट फुगलेलं दिसत असताना, वीस तासांतच त्याला हातावर घेतलं. संध्याकाळी डब्यात अर्धवट पचलेली पिंकी पडली होती. तो वास आणि त्याचं ते चपटं झालेलं अंग मी विसरले नाही. उलटीबरोबर पोटातलं आम्लही बाहेर पडतं, अन्ननलिका दुखावते. लगेच पुन्हा भरवलं तर पुन्हा उलटी होते आणि एवढंसं पिल्लू त्यात जातं. बारा दिवस काही दिलं नाही. त्यानंतर निम्म्या आकाराची पिंकी दिली आणि ती पोटात राहिली. आता जेवणानंतर ४८ तास हात लावत नाही, मग कोणीही पाहुणा येवो.

मे-जून

सांगण्यासारखं फार नाही. दर सहा-सात दिवसांनी जेवण, आठवड्यातून तीनदा दहा मिनिटं हातावर. धरायचं नाही, त्याच्या खाली हात द्यायचे. आधी आणि नंतर साबणाने हात धुणं चुकवायचं नाही, सापांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

श्रावण

डोळे दुधाळ निळे झाले, रंग मळका पडला. कात येणार म्हणून ओल्या शेवाळाचा छोटा डबा आत ठेवला. नेमकी नागपंचमी. आईचा फोन आला.

“अगं, आज तरी त्याला काही मारून घालू नकोस. आपल्याकडे आज चिरतसुद्धा नाहीत.”

“नाही घालणार, आई. कात येतेय त्याची, तो स्वतःच काही खाणार नाही.”

“मग दूध तरी दे वाटीत.”

साप दूध पचवू शकत नाही, त्याला पाणीच लागतं, हे तिला सावकाश समजावलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बरं, पाणी स्वच्छ दे. आणि मला दाखव त्याला.” व्हिडिओवर तिने कणसाला हात जोडले. चार दिवसांनी कात पडली, तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत अखंड, डोळ्यांवरच्या खवल्यांसकट. पाण्यात भिजवून सरळ केली आणि तिच्यासाठी वहीत ठेवली आहे.

सप्टेंबर

वजन ४६ ग्रॅम. आता फझी खातो, म्हणजे केस फुटायला लागलेलं पिल्लू. चार फुटी लाकडी व्हिवेरियम, म्हणजे सापाची पेटी, घेऊन ठेवलं आहे, मोठा झाल्यावर पूर्ण सरळ पसरता यावा म्हणून. पण त्याला आत्ताच हलवावं की वसंतापर्यंत या डब्यातच ठेवावं, यावर मन ठरत नाही. मोठ्या जागेत बुजून खाणं सोडेल ही भीती आहे. लपायच्या जागा भरपूर दिल्या तर बुजत नाही, असंही ऐकलं. ज्यांनी ५० ग्रॅमच्या आत पिल्लू हलवलं आहे, त्यांनी पुढच्या तीन जेवणांचं काय झालं तेवढं नक्की सांगा.